मालकही आपण, ग्राहकही आपण

मुंबईच्या गावदेवीत १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात तिथून धरली जाते. तिच्यामागे उभे राहिलेल्या रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पिढीचा विचार सरळ होता. शहरात एकट्याला घर परवडत नसेल तर अनेक कुटुंबांनी एकत्र यावे, इमारत सर्वांची असावी आणि कारभार त्यांनी आपल्यातूनच निवडलेल्या माणसांनी पाहावा. त्या काळच्या इमारती चार-दोन मजल्यांच्या. गच्ची गळते का, हे जिना चढून पाहता येई आणि हिशेबाची वही उघडायला सेक्रेटरीच्या दारापर्यंत जावे लागे एवढेच. आज लोअर परळ, मुलुंड, ठाण्यात तीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत. एकेका टॉवरमध्ये दोनशे-तीनशे कुटुंबे राहतात. सोसायटी मात्र आजही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच कायद्याखाली नोंदवली जाते. गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आले ते २०१९ मध्ये. अशा उंच इमारतीत आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेला माणूस तिथल्या व्यवस्थापनावर समाधानी केव्हा असतो, हा इथला प्रश्न आहे. चकचकीत लॉबी, तत्पर वॉचमन आणि कमी मेंटेनन्स हे उत्तर पटकन सुचते. पुराव्याकडे नीट पाहिले तर वेगळेच दिसते. फ्लॅटधारक एकाच वेळी इमारतीचा मालकही असतो आणि सेवेचा ग्राहकही. व्यवस्थापन त्याला फक्त ग्राहक समजून खूश ठेवू लागले की समाधान काही वर्षे टिकते आणि मग एकदम कोसळते. त्याला मालक म्हणून वागवले, म्हणजे हिशेब दाखवला, कारण सांगितले, निर्णयात घेतले, तरच ते टिकते.

आधी उंच इमारतीत नेमके काय सांभाळावे लागते ते समजून घ्यायला हवे, कारण मजले वाढले की देखभालीची जातच बदलते. पाण्याचेच पाहा. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब वाढतो. मजल्याला तीन मीटर धरले तर चाळीस मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीपासून तळापर्यंत १२० मीटर पाणी उभे असते, म्हणजे तळाशी सुमारे १२ बार दाब. घरातल्या नळाला, गिझरला, फ्लशच्या टाकीला दोन-तीन बार पुरतात. बाराचा दाब थेट सोडला तर वॉशर टिकणार नाहीत आणि पाइपांचे जोड उसवतील. म्हणून इमारतीचे उंचीप्रमाणे पट्टे पाडतात; मधल्या मजल्यांवर टाक्या ठेवतात किंवा दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. असा एखादा व्हॉल्व्ह बंद अडकला तर त्या पट्ट्यातल्या सगळ्या घरांत धार बारीक होते. उघडा अडकला तर कोणाच्या तरी बाथरूममध्ये जोड फुटतो. तक्रार करणाऱ्याला आपला नळ दिसतो, डक्टमधला व्हॉल्व्ह दिसत नाही. लिफ्ट, जनरेटर, आगीसाठी राखलेले पाणी आणि त्याचे पंप, स्प्रिंकलर, सांडपाणी शुद्धीकरण, आगीच्या वेळी आसऱ्यासाठी ठेवलेला रेफ्यूज मजला यांचीही गत तीच. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन दलाकडे द्यावे लागते. आपल्या सोसायटीने ते दिले आहे की नाही, याचा पत्ता बहुतेक रहिवाशांना नसतो. पण लॉबीतली फरशी पुसली नसेल तर ते प्रत्येकाच्या लक्षात येते.

समाधान मोजण्यातली पहिली अडचण इथे आहे. ग्राहकाच्या समाधानाचा अभ्यास करणारे रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडलेला विचार आज या विषयाचा पाया मानला जातो. माणूस सेवेचा दर्जा स्वतंत्रपणे तोलत नाही. अपेक्षा काय होती आणि हाती काय आले, यांतल्या अंतरावर तो समाधानी किंवा नाराज होतो. टॉवरमध्ये ही अपेक्षा घर विकतानाच घडवलेली असते. ब्रोशरमध्ये जलतरण तलाव, क्लबहाउस, दुमजली प्रवेशद्वार असते. पंपरूमचे चित्र कोणी छापत नाही. त्यामुळे रहिवासी ज्या गोष्टींवरून व्यवस्थापनाची परीक्षा घेतो त्या बहुतेक डोळ्यांना दिसणाऱ्या असतात, आणि इमारतीचे आयुष्य ज्यांवर ठरते त्या बहुतेक भिंतीआड असतात. चांगल्या देखभालीचे फळ म्हणजे काहीही न घडणे. लिफ्ट वर्षभर बंद पडली नाही, याबद्दल कमिटीचे आभार मानायला कोणी येत नाही. ती एका संध्याकाळी तासभर बंद राहिली की पन्नास फोन येतात. केवळ अशा समाधानामागे धावणारे व्यवस्थापन हळूहळू पैसा आणि लक्ष दिसणाऱ्या गोष्टींकडे वळवते. लॉबीला नवा रंग मिळतो, टाकीचे वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षावर जाते. हे करणारी माणसे वाईट असतात असे नाही. ज्या कामाला शाबासकी मिळते ते काम आधी होते, एवढाच त्याचा अर्थ.

दर महिन्याच्या मेंटेनन्स बिलाच्या ओळी वाचल्या तर हा ताण रुपयांत दिसतो. बिलात मालमत्ता कर, पाणीपट्टी, सेवा शुल्क, लिफ्टचा खर्च, पार्किंग अशा रकमा असतात. त्या आजच्या खर्चासाठी. त्यांच्या खाली सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी असतो. तो उद्यासाठी. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के घ्यायचा असतो. बांधकाम खर्च म्हणजे जमिनीची किंमत वगळून झालेला खर्च. समजा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च ४० लाख आहे. मग सिंकिंग फंडाचे वर्षाला १०,००० आणि दुरुस्ती निधीचे ३०,००० होतात. महिन्याला दोन्ही मिळून ३,३०० रुपयांच्या वर. दोनशे फ्लॅटच्या टॉवरमध्ये हे वर्षाला ८० लाख. रक्कम मोठी वाटते, पण लिफ्टचे आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचे असते आणि टॉवरमधल्या सगळ्या लिफ्ट एकाच वर्षी बसलेल्या असतात. पंप, पाइप, बाहेरचा गिलावा आणि रंगही एकाच वयाचे. म्हणजे ते जवळपास एकदमच म्हातारे होतात. बाहेरून नुसता रंग द्यायचा तरी चाळीस मजल्यांपर्यंत पोहोचण्याची सोय हाच एक वेगळा खर्च असतो. तरीही सर्वसाधारण सभेत सर्वांत जास्त टाळ्या मेंटेनन्स कमी करण्याच्या ठरावाला मिळतात, आणि तो कमी करायची सोपी वाट म्हणजे या दोन निधींना कात्री लावणे. त्या वर्षी सर्व सदस्य समाधानी असतात. पंधरा वर्षांनी त्यांनाच, किंवा त्यांच्याकडून घर विकत घेतलेल्यांना, एकरकमी काही लाख भरण्याची नोटीस येते.

या मार्गाचे टोक कुठे असते, ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात दिसले. मायामीजवळच्या सर्फसाइड गावात समुद्रकाठी चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत १९८१ मध्ये बांधलेली होती. घरे १३६, मालक सगळे सहमालक, कारभार त्यांनीच निवडलेल्या मंडळाकडे. २०१८ मध्ये नेमलेल्या अभियंत्याने अहवाल दिला की तलावाच्या बाजूच्या मोकळ्या फरशीखालचे वॉटरप्रूफिंग निकामी झाले आहे, फरशीला उतार नसल्याने पाणी साचून राहते आणि त्यामुळे खालच्या काँक्रीटच्या स्लॅबला मोठी इजा झाली आहे. दुरुस्तीचा अंदाजित खर्च सुमारे ९१ लाख डॉलर. निधी त्यामानाने अगदी तुटपुंजा. २०१९ मध्ये वादावादीत मंडळाच्या बहुसंख्य सदस्यांनी राजीनामे दिले. अखेर एप्रिल २०२१ मध्ये सुमारे दीड कोटी डॉलरची विशेष वर्गणी मंजूर झाली. एकेका घराच्या वाट्याला सुमारे ८० हजारांपासून ३ लाख ३६ हजार डॉलरपर्यंत. २४ जून २०२१च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसे गेली. ती नेमकी कुठून आणि कशी तुटली, हा अभियंत्यांचा प्रांत. कारभाराच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट स्वच्छ दिसते: धोक्याची माहिती, पैशांची तरतूद आणि मालकांची संमती या तिन्हींची गाठ पडायला सुमारे अडीच वर्षे लागली. त्या काळच्या फ्लोरिडाच्या कायद्यात मालकांना बहुमताने राखीव निधी माफ करून घेता येत असे. २०२२ च्या कायद्याने तीन किंवा अधिक मजल्यांच्या अशा इमारतींची ठरावीक वयानंतर तपासणी सक्तीची केली आणि मुख्य सांगाड्याशी निगडित निधी मतदानाने टाळण्याची मुभा काढून घेतली. आपल्या आदर्श उपविधींतही १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितले आहे. कागदावरची तरतूद आपल्याकडे आहे. अहवाल आल्यावर सदस्य त्यावर विश्वास ठेवून पैसे काढून देतात का, हा खरा प्रश्न आहे.

मग रहिवाशांचे समाधान हा फसवा निकष समजून बाजूला ठेवावा का? तसे करणे चूक ठरेल, आणि त्याचे कारण अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांच्या १९७० च्या पुस्तकात सापडते. संस्थेचा दर्जा घसरला की माणसापुढे दोन वाटा असतात, असे त्यांनी दाखवले: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. दुकान आवडले नाही तर आपण दुसऱ्या दुकानात जातो आणि तेवढ्याने दुकानदाराला संदेश मिळतो. घराचे तसे नाही. मुंबईत दुसरे घर घ्यायचे तर मुद्रांक शुल्कच सहा टक्क्यांच्या आसपास. शिवाय दलाली, कर्जाची नवी जुळवाजुळव, मुलांची शाळा. म्हणून असमाधानी फ्लॅटधारक सहसा निघून जात नाही. त्याच्याकडे आवाज हे एकच साधन उरते. तोही ऐकला जात नसेल तर तो तिसरी गोष्ट करतो: मेंटेनन्स थकवतो, सभेला येणे सोडतो किंवा फ्लॅट भाड्याने देऊन स्वतः दुसरीकडे राहायला जातो. हिर्शमन यांचे आणखी एक निरीक्षण इथे लागू पडते. दर्जाची सर्वांत जास्त फिकीर असणारी माणसेच आधी बाहेर पडतात, आणि मागे उरलेल्या संस्थेत सुधारणेचा आग्रह धरणारे कमी होतात. म्हणजे असमाधान ही नुसती भावना राहत नाही. थकबाकी वाढते, निधी आटतो, लिफ्टचा करार स्वस्तातल्या कंपनीला जातो आणि नाराजीचे नवे कारण तयार होते. समाधानाची काळजी करायची ती म्हणूनच. ते इमारतीच्या तिजोरीशी जोडलेले आहे.

ते कशाने टिकते, हे पाहायला बाथरूमच्या छतावर उमटलेल्या ओल्या डागाइतके चांगले उदाहरण नाही, कारण हा तंटा प्रत्येक सोसायटीत असतो. खालचा म्हणतो वरच्याची गळती, वरचा म्हणतो माझ्या घरात सगळे कोरडे आहे, कमिटी म्हणते तुम्ही आपसांत मिटवा. पाणी नहाणी ट्रॅपच्या कडेने येते, भिंतीत गाडलेल्या पाइपातून येते, टाइल्सच्या सांध्यांतून झिरपते की डक्टमधल्या सामाईक पाइपातून येते, यावर खर्च कोणाचा हे ठरते. आदर्श उपविधींनी रेघ आखून दिली आहे: घराच्या आतली कामे त्या सदस्याची, बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइप सोसायटीचे. पण कारण शोधल्याशिवाय ती रेघ कामाची नाही. शोधण्याची रीतही किचकट नाही. वरच्या बाथरूमचा ट्रॅप बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी एक-दोन दिवस भरून ठेवायचे, पुढच्या फेरीत ट्रॅप उघडून पाण्यात रंग घालायचा, नळाचा पाइप वेगळा दाबाखाली तपासायचा आणि प्रत्येक वेळी खालच्या डागाकडे पाहायचे. आता दोन सोसायट्या कल्पाव्यात. एकीत प्लंबर येतो, हातोडा मारतो, डाग सहा महिन्यांनी परततो. दुसरीत तक्रारीला क्रमांक मिळतो, चाचणी दोन्ही घरांच्या माणसांसमोर होते, निष्कर्ष लिहून दिला जातो आणि खर्च कोणाचा हे उपविधीचे कलम दाखवून सांगितले जाते. दुसऱ्या सोसायटीत ज्याला पैसे भरावे लागले तो आनंदी होत नाही. पण आपल्यावर अन्याय झाला असे त्याला म्हणता येत नाही. शेजाऱ्यांच्या संस्थेत समाधानाचा हा सर्वांत टिकाऊ प्रकार आहे, कारण इथे प्रत्येक निर्णय कोणा ना कोणाच्या विरुद्ध जाणारच असतो.

मेंटेनन्सच्या वाटणीलाही हेच लागू आहे. सहकारी सोसायटीत सेवा शुल्क सर्व फ्लॅटना समान असते, आणि लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सर्व सदस्यांत समान वाटला जातो, कोणी ती वापरो वा न वापरो. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या इमारतीत मात्र सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात पडतो. पहिल्या मजल्यावरच्या माणसाला लिफ्टचे पैसे खुपतात, छोट्या फ्लॅटवाल्याला समान शुल्क खुपते, मोठ्या फ्लॅटवाल्याला हिश्श्याचे प्रमाण खुपते. यांतली कोणतीच वाटणी सर्वांना पटणारी नाही. नियम कोणता आणि तो कुठून आला हे सदस्याला पहिल्याच दिवशी कळले, तर तो मनाविरुद्ध का होईना पाळला जातो. कमिटीने मनाला येईल तसे ठरवले, असे वाटले की मग न्यायालयापर्यंत जाणारी भांडणे सुरू होतात.

पुष्कळ टॉवरमध्ये अविश्वासाचे बी सोसायटी स्थापन होण्याआधीच पडते. ताबा देताना बिल्डर एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो आणि देखभालीची कंपनीही तोच नेमतो. पैसे रहिवाशांचे, नेमणूक बिल्डरची. कंपनी कोणाचे ऐकणार हे उघड आहे. कायद्याने या काळाचा विचार केलेला आहे. १९६३च्या मोफा कायद्यानुसार अशा रकमांचा हिशेब वेगळ्या खात्यात ठेवणे बिल्डरवर बंधनकारक आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. मंजूर नकाशे आणि कागदपत्रे संस्थेच्या हवाली करणेही त्याचे कर्तव्य आहे. या पाच वर्षांत ठेवलेले तक्रारींचे रजिस्टर म्हणजे लाखो रुपयांचा पुरावा. कोणत्या मजल्यावर, कोणत्या तारखेला, कोणत्या भिंतीला तडा दिसला, हे लिहिलेले नसेल तर सहाव्या वर्षी सगळा खर्च सोसायटीच्या माथी येतो. स्वतःला ग्राहक समजणारा रहिवासी तक्रार तोंडी सांगून मोकळा होतो. स्वतःला मालक समजणारा ती लेखी देतो आणि पोच घेतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसे घेतात. चाळीस मजल्यांचे यंत्र हौशी कमिटीने का चालवावे? व्यावसायिक कंपनी नेमा, पैसे द्या, सेवा घ्या. आक्षेपात तथ्य आहे. दाबाचे व्हॉल्व्ह, लिफ्टचे कंट्रोल पॅनेल आणि सांडपाण्याचा प्लांट हे दिवसभर नोकरी करून येणाऱ्या खजिनदाराने सांभाळायचे विषय नाहीत. हाँगकाँगने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करून इमारत-व्यवस्थापन कंपन्यांना आणि व्यवस्थापकांना परवाना सक्तीचा केला. आपल्याकडेही या व्यवसायाला पात्रतेची चौकट मिळायला हवी. पण कंपनी काम करू शकते, मालकी करू शकत नाही. नोएडातल्या एमराल्ड कोर्टचे उदाहरण घ्या. आपल्या शेजारी उठणारे दोन टॉवर नियमातले अंतर मोडून आणि आपली संमती न घेता बांधले जात आहेत, हे घेऊन तिथल्या रहिवासी संघटनेने २०१२ मध्ये उच्च न्यायालय गाठले. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टॉवर पाडण्याचा आदेश कायम केला आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी ते पाडले गेले. दहा वर्षांची ही लढाई कोणत्याही देखभाल कंपनीच्या कंत्राटात बसली नसती. रोजच्या कामातही तेच आहे. वार्षिक कराराचे दर बाजाराला धरून आहेत का, बदललेला पंप खरोखर बदलायला हवा होता का, हे विचारणारा मालक नसेल तर उत्तम कंपनीही हळूहळू सैल पडते.

दुसरा आक्षेप अधिक कडू आहे. सोसायटीच्या सभा म्हणजे आरडाओरडा. चार जण प्रत्येक ठरावाला आडवे पडतात. लोकशाहीने टाकी साफ होत नाही. यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या कामाइतके ठोस उत्तर मला दुसरे दिसत नाही. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडची गावकुरणे, स्पेनचे कालवे, फिलिपिन्समधल्या पाणीवाटप संस्था अशा सामाईक मालमत्ता तपासल्या आणि शतकानुशतके टिकलेल्या व्यवस्थांमध्ये काही गुण समान असल्याचे १९९०च्या पुस्तकात दाखवले: सदस्य कोण हे स्पष्ट, नियम करण्यात वापरणाऱ्यांचा हात, देखरेख करणारे त्यांना उत्तरदायी, दंड टप्प्याटप्प्याने वाढणारा आणि तंटा सोडवण्याची स्वस्त, जवळची सोय. महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. धुळे-नाशिककडच्या पांझरा आणि मोसम नद्यांवरच्या बंधाऱ्यांचे पाणी वाटण्याची फड पद्धत याच तत्त्वांवर पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिथला पाणी सोडणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या ही पगारी, कसबी माणसेच होती. पण त्यांची नेमणूक शेतकऱ्यांची आणि मोबदलाही शेतकऱ्यांकडून, त्यामुळे त्यांची बांधिलकी बांधावरच्या माणसाशी होती. लोकसहभाग आणि व्यावसायिक काम यांत निवड करावी लागत नाही, हे त्या बंधाऱ्यांनी आधीच सिद्ध केले आहे. सभेतला आरडाओरडाही बहुधा माहितीच्या दुष्काळातून येतो. वर्षभर काही सांगितले नाही आणि ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची म्हणून वार्षिक सभा उरकायची ठरवली, की बारा महिन्यांचे साचलेले प्रश्न दोन तासांत फुटतात. सहकार कायदा सदस्याला संस्थेची कागदपत्रे पाहण्याचा आणि प्रती मागण्याचा हक्क देतो. जी कमिटी मागण्याची वाट न पाहता दर महिन्याचा जमाखर्च, तीन कोटेशनांची तुलना आणि थकबाकीचा आकडा स्वतःहून सर्वांना कळवते, तिच्या सभेत प्रश्न उरतात. संशय उरत नाही.

तिसरा आक्षेप कमिटीवाल्यांचा असतो आणि तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे. आम्ही बिनपगारी राबतो, शिव्या खातो, आणि वर तुम्ही आमच्याकडून कंपनीसारखा कारभार मागता. कमिटीला उभे राहायलाच माणसे मिळत नाहीत. हे खरे आहे, पण उपाय कमी पारदर्शकतेत नाही. सगळे निर्णय दोन-तीन जणांच्या मुठीत असतात तिथे सगळा राग त्यांच्यावर येतो आणि म्हणूनच नवा माणूस पुढे येत नाही. पाणी, लिफ्ट, हिशेब, आगीची सुरक्षा यांसाठी छोटे गट केले, काही मजल्यांमागे एक प्रतिनिधी ठरवला, रोजचे काम प्रशिक्षित व्यवस्थापकावर सोपवले, तर कमिटीकडे देखरेखीचे आणि धोरणाचे काम उरते. सहकार खाते गृहनिर्माण व्यवस्थापनाची सी.एच.एम. ही परीक्षाही घेते. ती दिलेला व्यवस्थापक पगारावर ठेवणे दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला जड नाही. आणि भाडेकरूंचाही विचार व्हावा. त्यांना मत नसते, पण नळ, लिफ्ट आणि जिना तेच वापरतात. बिघाडाची पहिली खबर बहुधा त्यांच्याकडूनच येते.

तेव्हा रहिवाशांच्या समाधानाची पाहणी करायची असेल तर प्रश्न बदलले पाहिजेत. स्वच्छतेला किती गुण, सिक्युरिटीला किती गुण, हे विचारावे. ती आजची सेवा आहे आणि तिचा दर्जा हा हक्कच आहे. पण त्यांच्या जोडीला आणखी काही विचारावे. गेल्या वर्षी तुमचे पैसे कशावर खर्च झाले हे तुम्हाला ठाऊक आहे का? सिंकिंग फंडात किती आहे आणि येत्या दहा वर्षांतली मोठी कामे कोणती, हे तुम्हाला सांगता येईल का? शेवटची तक्रार कोणत्या कारणाने मिटली किंवा मिटली नाही, हे तुम्हाला लेखी मिळाले का? तुमच्या विरुद्ध गेलेला एखादा निर्णय तुम्हाला तरीही न्याय्य वाटला का? या चार प्रश्नांना बहुसंख्य सदस्य होकार देतील त्या इमारतीत मेंटेनन्स शेजारच्या टॉवरपेक्षा थोडा जास्त असला तरी तो वेळेवर भरला जाईल, ऑडिटच्या अहवालावर विश्वास ठेवला जाईल आणि मोठ्या दुरुस्तीचा ठराव पहिल्या सभेत मंजूर होईल. उंच इमारतीचे आयुष्य काँक्रीट आणि पोलादाइतकेच या मंजुरीवर अवलंबून असते. सहकाराने शंभर वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय माणसाला घराचा मालक केले. टॉवरमध्ये त्या मालकीचा अर्थ टिकवायचा, तर हिशेब मागणे ही कटकट आणि हिशेब देणे हा उपकार, ही समजूत दोन्ही बाजूंनी सोडावी लागेल.